गंजीच्या पोटातला आकडा

परवीनला कोणी ‘बिचारी’ म्हटलं, की ती त्याचा फोन दुरुस्त करत नाही. तसाच काउंटरवर परत ठेवते. अकोटच्या एसटी स्टँडसमोर तिची पत्र्याची टपरी आहे, आणि हा नियम तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. बाप कुर्बान रेडिओवाला. तो गेला तेव्हा तिनं त्याची सोल्डर गन उचलली आणि भावांना सांगून टाकलं, दुकान मी चालवणार. भाऊ हसले. आता स्वतःचा फोन बिघडला की गुपचूप तिच्याचकडे येतात.

बोंडअळीचं ते साल. नवा फोन घ्यायची ऐपत कोणाची नव्हती, म्हणून जुनेच फोन तिच्या टेबलावर फिरून फिरून येत. आणि कापूस? अळीच्या धास्तीनं लोक अर्धवट उमललेली बोंडंही ओरबाडत, दवात भिजलेला माल वाळवायला न थांबता गाडीत भरत. तो ओला कापूस सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या आवारात ढिगानं रचून गंजीला लागे. ओली गंजी आतून तापते. वरून हात लावाल तर गार, पोटात निखारा.

ज्या जिनिंगची ही गोष्ट, तिचं नाव लिहीत नाही. मालकानं वाचलं तर समजेलच. तिथे बाया एका पत्र्याच्या शेडमध्ये बसून कापसातला कचरा नि किडकी बोंडं निवडत. शेडला दार एकच, आणि गंजी बरोब्बर त्या दाराला लागून रचलेली. पेटली तर बाया आत. मी पेपरात बातम्या लिहिणारा; मालकाशी यावर भांडलो, तर म्हणाला, ‘जागा कुठं आहे साहेब?’ साहेब म्हणतात तेव्हा समजावं, काही होणार नाही.

आदल्या हंगामात माणिकबाईला जळका वास आला. ती सगळ्यांत जुनी, तिच्या शब्दावर बाया उठून बाहेर आल्या. गंजी उघडली; थंडगार. दुसऱ्या दिवशी फाटकावर त्यांना कोणी आत घेतलं नाही. पूर्ण हंगाम घरी. तेव्हापासून वास आला तरी बाया नाक पुसून काम करत.

परवीनची मावशी त्यांच्यातलीच एक. मावशीनं हे सांगितलं आणि परवीन पेटली. आठवडाभरात ती एक डबी घेऊन माझ्याकडे आली.

“हे काय?”

“सर्वर हाये.”

“सर्वर तर मोठ्या खोलीत असते म्हणे, थंड हवेत.”

“थो श्रीमंताचा. हा आपला.”

काडेपेटीएवढं बोर्ड. फोनवर व्हिडिओ पाहून तिनं बनवलेलं. इंटरनेट लागत नाही. बोर्ड स्वतःच वायफाय सोडतं. फोन त्याला जोडायचा, एक छोटा पत्ता टाकायचा, की बोर्ड स्वतःच्या पोटातलं एक पान पाठवतं. पानावर तीन आकडे. गंजीत तीन ठिकाणी बांबूला बांधून खुपसलेल्या तीन वायरी, त्यांच्या टोकाला किती गरम आहे ते.

मग गंजी वाचली तर फायदा तुमचाच, असं सांगून आम्ही मालकाकडून कबूल करून घेतलं: कुठलाही आकडा पन्नासच्या वर गेला की बाया बाहेर येतील, गंजी उघडली जाईल, आणि फाटकावर कोणी कोणाला अडवणार नाही. आकडा नाही, तर उठायचं नाही. ही शेवटची अट मुनीम मोरोपंतांनी घातली. मोरोपंत सज्जन माणूस, पण पगार मालकाचा.

पत्ता भिंतीवर चुन्यानं लिहिला. माणिकबाईचाच हट्ट. “वजनकाट्याचा आकडा आमाले कधी कोणी दाखवला? हा तरी आपल्या डोयानं पाहू.” परवीननं मान डोलावली. तिनं ते बोर्ड स्वतःच्या आणि मावशीच्या फोनवर तपासलं होतं. मस्त चालत होतं.

आणि डिसेंबरातल्या त्या दुपारी, जेवणं होऊन बाया परत बसल्या, तोच माणिकबाईनं नाक वर केलं.

या वेळी कोणाला उठवलं नाही. फक्त पदराखालून फोन काढला. शेजारणीनं पाहिलं, तिनंही काढला. बघता बघता शेडमधल्या सगळ्या बाया, फाटकावरचा चौकीदार, हमाल, गाडीवाले, जो तो त्या पानावर. मी आणि परवीन बोर्डाची बॅटरी बदलायला आलो होतो, आवारातच होतो.

“उघडून नाही राह्यलं वं!”

“माह्याबी नाही.”

“गोल गोल फिरून राह्यलं निस्तं.”

मी ओरडलो, “आकडा गेला चुलीत, बाहेर या!”

एकही बाई हलली नाही. माणिकबाई दारातून म्हणाली, “तुमचं काय जाते भाऊ? उद्या फाटकावर आमी उभ्या राहू.” खरंच होतं. मला घरी बसवणं मालकाच्या हातात नव्हतं.

मोरोपंत धोतराचा सोगा सावरत आले. “आकडा आहे का? नाही ना? मग बसा.” पण त्यांच्याही हातात फोन होता आणि तेही अंगठ्यानं पान परत परत ओढत होते.

वास आता मलाही येत होता.

परवीननं एकदा सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. “या अल्ला. तुमीच त्याचा गळा धरून राह्यले. त्याले चार फोन पेलते. चार! सगळे बंद करा. वायफाय बंद करा सगळ्यायनं!”

कोण करतो बंद? प्रत्येकाला वाटलं, आपण बंद करायचा आणि दुसऱ्यानं पाहून खोटं सांगायचं. जन्मभर असंच तर झालेलं. हमाल म्हणाला, “पयले मुनीमजीले सांग.” मोरोपंत म्हणाले, “पहिले बायांना सांग.” आणि सगळे अंगठे सुरूच.

तेव्हा माणिकबाई उठली. स्वतःचा फोन बंद करून पदराच्या ओटीत टाकला. “टाका वं. मंग पाहू कोन खोटं बोलते थे.” एकेक करत बायांनी टाकले. हमालांनी टाकले. ओटी खाली ओढली जाऊ लागली, तशी ती मोरोपंतांपुढे जाऊन उभी राहिली.

“तुमचाबी.”

“माझा एक राहू दे. कोणाचा तरी लागेलच ना?”

“लागन,” परवीन म्हणाली. “पन माणिकबाईच्या हातात राहीन. वाचान तुमी. जोरात वाचा, मुनीमजी, सगळ्यायले आयकू आलं पाह्यजे.”

मोरोपंतांनी फोन मुठीत धरला. गंजीच्या माथ्यावरून वाफेसारखं काही हललं, की मला भास झाला, सांगता येत नाही. मी तोंड उघडलं, परवीननं हातानं गप्प केलं. मग मोरोपंतांनी आपला फोन माणिकबाईच्या तळहातावर ठेवला. परवीननं बोर्डाची वायर काढून पुन्हा लावली. पान फिरलं. फिरत राहिलं. उघडलं.

मोरोपंत वाकले. चष्मा वर केला.

“एक्केचाळीस.” थांबले. “चव्वेचाळीस.”

“तिसरा?”

त्यांना खोटं बोलता आलं असतं. माणिकबाईला आकडे वाचता येतात, पण तळहातावरचा फोन मोरोपंतांकडे कललेला, तिला पडदा दिसत नव्हता. “बहात्तर,” ते म्हणाले आणि लगेच, कोणी विचारायच्या आत, ओरडले, “दाराजवळचा आहे! निघा! पोरींनो, निघा लवकर!”

बाया निघाल्या. मावशी शेवटी. मग हमालांनी दाराकडच्या बाजूला पाण्याचा पाइप धरला आणि मागून गंजी उपसायला घेतली. आत बैलाएवढा काळा गोळा निघाला, हवा लागताच कडेनं लाल झाला, पाण्यानं फुसफुसला. दाराची चौकट काळी पडली. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी फाटकावर मोरोपंत स्वतः उभे होते. कोणालाच अडवलं नाही.

मी परवीनला म्हणालो, आता एकाच फोनला पान उघडेल असं कर, भानगड नको. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला बिचारी म्हटलं. “म्हंजे पुन्हा काटाच झाला ना, भाऊ. एक पाह्यते, बाकीचे आयकते.”

तिनं शेडच्या भिंतीवर लाल दिव्यांचे तीन मोठे आकडे लावले, तेच बोर्ड त्यांना जोडलं. आता फाटकापासून कोणालाही दिसतात.

माणिकबाई तरी रोज सकाळी आधी फोनवर पान उघडते, मग भिंतीकडे पाहते. जुळले की बसते कामाला.

“भरोसा नाही का माह्यावर?” परवीननं एकदा विचारलं.

“तुह्यावर हाये वं,” माणिकबाई म्हणाली. “भिंत मालकाची हाये.”