तिने ‘येते’ लिहिलं

सकाळचा चहा घेत होते. फोन टुणकन वाजला आणि त्यावर एकच शब्द आला. ‘येते.’ मागे काही नाही, पुढे काही नाही. चष्मा शोधून मी तो पुन्हा वाचला आणि मला मनापासून आनंद झाला. जिचा मेसेज होता ती कित्येक दिवस नुसतं ‘येईन गो एकदा’ म्हणत होती. मी लगेच उत्तर टाकलं, ‘ये.’ एका बोटाने टाइप करणाऱ्या बाईला याहून जास्त जमत नाही, आणि याहून जास्त लिहायची गरज आहे असं मला वाटलंही नाही.

ती म्हणजे माझी लालबागच्या चाळीतली शेजारीण. ती लग्न होऊन मालवणकडून आली, मी गिरगावातून, आणि दोघींची दारं गॅलरीत एकमेकींना लागून. तिच्या घरातलं मीठ संपलं तर आमच्या घरात कळायचं. मग चाळ पुनर्विकासाला गेली आणि आम्ही पांगलो. मी मुला-सुनेबरोबर परळला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आले. ती माझगावला एका खोलीत राहायला गेली, एकटीच. तिचा नवरा वारला होता आणि मुलगा नोकरीसाठी गोव्याला. नवी इमारत होईल होईल म्हणता तिचा नुसता पाया झाला होता. आमचं येणं-जाणं राहिलं ते फोनवर. रोज सकाळी ती मला फुलांच्या चित्रावर लिहिलेला सुविचार पाठवायची, मी तिला अंगठा दाखवायची. भेटल्यावर कुणी कुणाला अंगठा दाखवला असता तर भांडण झालं असतं. पण फोनवर तो प्रेमाने दाखवतात म्हणे.

माझ्या ‘ये’वर तिच्याकडून एक पिवळं तोंड आलं. त्याच्या गालावर एक थेंब होता. मे महिना होता, पंख्याखालीसुद्धा जीव नकोसा झालेला. मी समजले, घाम. म्हटलं, बाई उन्हाची निघाली वाटतं.

घरात मोड आलेले वाल होते. ती मूळची मासे खाणारी, पण माझ्या डाळिंब्यांच्या उसळीवर तिचा भारी जीव. मी वाल सोलायला बसले. चाळीत असताना हे काम आम्ही दोघी मिळून गॅलरीत करायचो, आणि सोलता सोलताच ती निम्मे कच्चे तोंडात टाकते म्हणून मी तिला ओरडायची. आता एकटीने ती परात काही संपेना. सून ऑफिसला निघताना म्हणाली, “आई, एवढं कशाला करताय? मागवून घ्या ना काहीतरी.” मी म्हटलं, “तिला बाहेरचं आवडत नाही.” सुनेने मान डोलावली आणि कानात ती पांढरी बोंडं घालून गेली. तिने ऐकलं की नाही, देव जाणे.

वाल सोलून झाले तरी हिचा पत्ता नाही. मी लिहिलं, ‘कुठे पोचलीस?’ बऱ्याच वेळाने उत्तर आलं. ‘पनवेल गेलं.’

माझगावहून परळला यायला पनवेल कशाला लागतं? मी तो मेसेज वर केला, खाली केला, फोन लांब धरून बघितला. पनवेल पनवेलच राहिलं. मग मी माझ्या मनाने त्याचा अर्थ लावला. तिची भाची पनवेलला असते. भाचीकडे काहीतरी द्यायला-घ्यायला गेली असेल आणि तिथून परस्पर येत असेल. पण ‘गेलं’ म्हणजे काय? पनवेल कुठे गेलं? तिच्या मालवणीत कशाला काय म्हणतात याचा मला इतक्या वर्षांत पत्ता लागलेला नाही, तेव्हा तेही मी सोडून दिलं. पुन्हा लिहिलं, ‘जेवायला थांबले आहे.’ त्याच्यापुढे एकच रेघ आली. एक रेघ म्हणजे पोचलं नाही, दोन म्हणजे पोचलं, निळ्या म्हणजे वाचलं, हे मला नातवाच्या वयाच्या एका दुकानदाराने शिकवलं होतं. न वाचता निळ्या आणि वाचून करड्या कशा ठेवायच्या हेही तो शिकवणार होता, पण मी म्हटलं, नको बाबा, आहे तेवढं पुरे.

आमच्या अकराव्या मजल्यावर लिफ्ट आली की टिंग वाजतं. त्या दिवशी टिंग वाजलं की मी दार उघडायची. कुरियरवाला, शेजारचा कुत्रा आणि त्याला फिरवणारी मुलगी, पाण्याच्या बाटल्या आणणारा माणूस, सगळ्यांचं मी हसून स्वागत केलं. दुपार उलटली. उसळ गार झाली. मी एकटी जेवले आणि मला राग आला.

फोन का नाही केला, असं कुणीही विचारेल. मी नोकरीभर फोर्टातल्या एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होते. हजारो लोकांची बोलणी जोडून दिली. नुसत्या ‘हॅलो’वरून साहेब आज घरून भांडून आलेत की नाही, हे मला कळायचं. आणि तीच मी, साधा दहा आकडी फोन लावायला धजत नव्हते. त्याचं कारण माझी सून. ती म्हणते, आजकाल असा एकदम फोन करत नाहीत, आधी मेसेज टाकून विचारायचं, बोलू का म्हणून. मला हे काही पटलं नव्हतं, पण घरात नको कटकट म्हणून मी शिकले, आणि शहाणपणा मिरवायला शेजारणीलाही शिकवलं. शिवाय अभिमान होताच. येते म्हणाली ती, आली नाही ती, मग फोन कुणी करायचा? तिने. तिने नाही केला. संध्याकाळी माझ्या मेसेजच्या रेघा दोन झाल्या, निळ्याही झाल्या, आणि उत्तर काही आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सुविचारही बंद झाला.

मग आम्ही दोघी गप्प. सकाळी फोन हातात घ्यायचा, तिचं नाव बघायचं, त्याखाली ‘ऑनलाइन’ दिसायचं. म्हणजे ती तिथे आहे, मी इथे आहे, दोघी एकमेकींच्या दारात उभ्या आहोत आणि कुणी कडी वाजवत नाही. चाळीत आमचा अबोला झाला की फार तर संध्याकाळपर्यंत टिकायचा, कारण नळ एकच होता.

खरी गंमत नंतर झाली. गंमत म्हणते, पण ती आता. आमच्या जुन्या चाळीचा एक ग्रुप आहे. एरवी त्यावर बिल्डरला शिव्या आणि वाढदिवसाचे केक एवढंच असतं. त्यावर कुणीतरी एक फोटो टाकला. कौलारू घर, पुढे झेंडूची रोपं आणि अंगणात खुर्चीवर माझी शेजारीण. खाली लिहिलेलं, ‘आपल्या काकी आता कायमच्या गावी. मुंबईला रामराम.’ त्याखाली हात जोडलेल्यांची आणि फुलांची नुसती रांग लागली होती. मीही त्या रांगेत एक फूल टाकलं. टाकून झाल्यावर मला कळलं मी काय वाचलंय ते.

कायमची? मला न सांगता? ‘कंटाळो इलो गो, जातंय आता गावाक’ हे ती गेली तीस वर्षं म्हणत होती. आम्ही ते उन्हाळ्यात ‘उकडतंय’ म्हणावं तसं ऐकायचो. यंदाही म्हणाली असेल. पण जायच्या दिवशी माझ्याकडे येते म्हणाली आणि न येता गेली, हे कुठल्या जन्माचं उट्टं काढलं? मी आमचे मेसेज पुन्हा काढून बसले. ‘येते.’ ‘ये.’ घाम. ‘कुठे पोचलीस?’ ‘पनवेल गेलं.’

आणि मग माझ्या डोक्यात काहीतरी हललं. पनवेल ओलांडून कोण जातं? गावच्या गाडीत बसलेला माणूस. मग ‘येते’ म्हणजे?

आपल्यात निघताना जाते म्हणत नाहीत. जाते म्हटलं की आईच पाठीत धपाटा घालायची. निघणारी बाई येते म्हणते, आणि घरातली बाई म्हणते, ये. म्हणजे तिने माझा निरोप घेतला होता आणि मी तो देऊन तिला वाटेला लावलं होतं. इकडे मी उसळ करत होते. तोच शब्द, तेच उत्तर. एका बाजूने वाचलं तर ती माझ्याकडे येत होती, दुसऱ्या बाजूने वाचलं तर कायमची निघाली होती. मी ते पाच-सहा वेळा वाचलं आणि दर वेळी वेगळं वाटलं. शेवटी मला माझ्याच मराठीची भीती वाटायला लागली.

संध्याकाळी सुनेला विचारलं, “अगं, कुणी ‘येते’ लिहिलं तर तू काय समजशील?”

“येतेय असं समजेन. का?”

“आणि निघताना काय लिहिता तुम्ही?”

“बाय. कन्फ्युजनच नाही.” मग माझं तोंड बघून तिने फोन खाली ठेवला. “काय झालं आई? सांगा ना.”

सांगायचं काय? मी म्हटलं, काही नाही, आणि आत जाऊन मेसेज वगैरे काही न टाकता सरळ फोन लावला. रिंग वाजत होती तेव्हा मी एकेक घंटा मोजत होते. ऑपरेटरच्या नोकरीत कधी मोजल्या नव्हत्या.

“कोण?” ती म्हणाली. माझं नाव दिसत असणार तिला, तरी म्हणाली.

“मी. जिला न भेटता गेलीस ती.”

“बोल.”

“बोल काय? मी दिवसभर वाट बघितली. डाळिंब्या केल्या होत्या.”

पलीकडून हळूच आवाज आला, “खंयच्या दिवशी?”

मी सगळं सांगितलं. वाल, लिफ्ट, कुरियरवाला, पनवेल. ती हसायला लागली, आणि मीही. असं बरंच हसून झाल्यावर ती एकदम थांबली.

“म्हणजे तू माका ये म्हणालंस ता घरी ये म्हणून?”

“मग काय जा म्हणून?”

“माका तसाच वाटला. येते म्हटलंय, तर ही बाई नुसता ये म्हणता. एक अक्षर जास्त नाय. मग थंय रडणारा तोंड पाठवलंय, त्याच्यावरही काय नाय. वर विचारतंस कुठे पोचलीस. मग सांगतंस जेवायला थांबलंय, म्हणजे हिका आपल्या जेवणाची पडली. म्हटलंय, हिका बरा वाटला माझा जाणा.”

“मग तू फोन का नाही केलास?”

“तूच शिकवलंस ना, असो एकदम फोन करू नको म्हणून.”

ती पुढे म्हणाली की माझ्या दारात येऊन सांगायचा तिला धीर झाला नाही, म्हणून स्टेशनवर बाकड्यावर बसून लिहिलं. सोडायला आलेला भाचा पाणी आणायला गेला होता. सामान फार नव्हतं. खोलीची चावी अजून तिच्या पर्समध्येच होती, भाचा ती मागाहून मालकाला नेऊन देणार होता.

“चावी पर्समध्ये होती गो,” ती पुन्हा म्हणाली. “मुलगो म्हणता गावाक रव, सगळी म्हणतत गावाक रव. कोणीतरी नको जाव म्हणाक होया होता. माका वाटला, तू थांब म्हणशीत.”

मला पटकन म्हणता आलं असतं की हो गं, म्हटलंच असतं. पण मला खरंच ठाऊक नव्हतं. ती माझ्या दारात उभी राहून येते म्हणाली असती, तर मी थांब म्हटलं असतं यात शंका नाही. तसं आपण सगळ्यांनाच म्हणतो. इस्त्रीवाल्यालाही म्हणतो. दारात येते म्हटल्यावर थांब म्हणायचं, मग निघणारीने अर्धा तास तिथेच उभं राहून बोलायचं, हे ठरलेलंच असतं. पण राहा म्हणून थांब? मुंबईत एकटीने, त्या माझगावच्या खोलीत, न झालेल्या इमारतीची वाट बघत? तसं मी म्हटलं असतं का? कोणत्या तोंडाने म्हटलं असतं? मी स्वतः तिच्याकडे किती वेळा गेले होते? हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं आणि त्यातलं काय खरं ते मला कळेना. ती पलीकडे वाट बघत होती. इतक्या वर्षांच्या सवयीने मी तिचा श्वास ऐकत होते, आणि ती रडते आहे की नुसती गप्प आहे, तेही मला ओळखता येईना.

शेवटी जे होतं ते सांगितलं. “थांब म्हटलं असतं गं. पण ते चहापुरतं. थांब, चहा टाकते, एवढंच.”

“तेवढाच होया होता गो,” ती म्हणाली. “चहा होईसर गाडी सुटली असती.”