पाय हायत का त्याला?

"चालतंय" हा शब्द शेलार मॅडमच्या कानावर पडला की संपलंच. "काय चालतंय? पाय हायत का त्याला?" एरवी त्या पुस्तकी बोलत, राग आला की थेट माहेरच्या, न्हावऱ्याच्या होत. म्हणजे बहुतेक वेळ न्हावऱ्याच्याच असत.

दौंडजवळच्या औषध कारखान्यात त्या आमच्या विभागप्रमुख. मी कंत्राटी कामगार, आठवीत शाळा सुटलेला, गाव पार किनवटकडं. महिन्यातून एकदा टोचायच्या इंजेक्शनची पूड आम्ही बनवायचो. दिसायला पिठासारखी, पण एकेक कण म्हणजे पॉलिमरची बारीक गोळी, आणि तिच्या पोटात औषध. अंगात पॉलिमर हळूहळू विरत जाणार, तसतसं औषध सुटणार. मॅडमनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: "ही सुई म्हंजी ठिबक हाय, पाट न्हाई."

माझ्या थोरल्या भावाला मनाच्या आजारावर गावी तसलंच इंजेक्शन देतात. त्यावर तो शेतात जातो, जेवतो, हसतो. औषध मधेच सरलं की त्याचं काय होतं, ते आमच्या घरानं भोगलंय. मॅडमना हे ठाऊक होतं.

उन्हाळ्यात सुट्टीनंतर मी शीतखोली उघडली तर यंत्र बंद, आणि पॉलिमरच्या पिशवीचं तोंड उघडं. दाणे दमट, एकमेकांना चिकटलेले. मॅनेजर आले, म्हणाले, "गार करा, सुटतील. चांगल्या मालात थोडं थोडं मिसळा. चालतंय."

"चिकटलेलं सुटंल साहेब," मॅडम कडाडल्या. "तुटलेलं जुळंल का?" ओल आणि उष्णता लागली की पॉलिमरच्या लांब साखळ्या तुटतात, हे काय मॅनेजरना माहीत नव्हतं? साखळी आखूड झाली की गोळी लवकर विरते, महिन्याचं औषध आधीच वाहून जातं. "मग ऱ्हायलेलं दिवस त्या मान्सानं काय टोचून घ्यायचं? तुमची सही?"

मॅनेजर म्हणाले, पिशवी बंदच होती. मॅडम माझ्याकडं वळल्या. "खोली तू उघडलीस ना? तोंड कसं हुतं?"

नोकरी गेली तर परत कुठं जायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं. मग भाऊ डोळ्यांपुढं आला.

"उघडं होतं," मी म्हणालो.

माल फेकावा लागला. "त्यो मी इचारलं म्हणून बोलला. राग काढायचा तर माझ्यावर काढा," मॅडमनी मॅनेजरना बजावलं. साहेबांनी तो काढलाच. माणसांशी नीट बोलता येत नाही, असं कारण देऊन मॅडमचा राजीनामा घेतला. पिशवी उघडी टाकणाऱ्याला कुणी साधा जाबसुद्धा विचारला नाही. ओरडणारी बाई तेवढी नडली. माझी नोकरी राहिली ती त्यांच्यामुळं. त्यांचे उपकार विसरलो नाही, आणि कारखान्यावरचा हा रागही मला विसरायचा नाही.

दिवाळीला गावी निघालो, तेव्हा मॅडम स्कूटरवरून दौंड स्टेशनला आल्या. भावासाठी घरच्या खव्याचे पेढे आणले होते.

"मॅडम, नव्या कामाचं काय?"

त्या रुळांकडं बघत राहिल्या. "चालतंय."

"पाय हायत का त्याला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

गाडी लागली तसा त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "चढ आता. आन् भावाची सुई गार ठेवत्यात का, दवाखान्यात सोताच्या डोळ्यानं बघ. चालतंय म्हणाले, तर भांड."