पळत्या रसाची साक्ष

रसायनशास्त्राचे प्राध्यापक विश्वासराव इंगवले सर यांचा नि माझा पहिला परिचय माझा सदरा भिजवून झाला. बातमीसाठी मी त्यांच्या प्रयोगशाळेत शिरलो, तर सर बादली घेऊन एका गळक्या नळीखाली बसलेले. "बातमी मागनं. आधी हा सांधा दाबून धरा!" अर्धा तास धरला. मी संस्कृतचा पदवीधर. यंत्राला लांबूनच नमस्कार करणारा. त्या दिवशी प्रथमच यंत्राने मला तीर्थ दिले.

त्या नळीवर शिरोलीच्या ओतभट्टीवाल्या रसूलभाईंची अब्रू टांगलेली होती. एका साखर कारखान्याला त्यांनी ओतून दिलेले पंप हंगाम संपण्याआधीच आतून खाल्ले जात. तिथल्या इंजिनिअरसाहेबांनी लोखंडाचा तुकडा आठवडाभर रसाच्या बाटलीत बुडवून टेबलावर ठेवला. तुकडा शाबूत! म्हणजे रस निर्दोष, ओतकाम खोटे. रसूलभाईंचा माल बंद करायचे ठरले.

रसूलभाई सरांकडे आले. सर म्हणाले, "बसलेल्या रसाला काय इचारता? पळत्या रसाला इचारा की!"

मग हे उपकरण उभे राहिले. एक पंप, काचेची नळी, तिला कारखान्यासारखेच एक काटकोनी वळण. रस आंबतो, म्हणून तितक्याच आंबटपणाचे गरम पाणी. रसूलभाईंच्या एकाच ओतीव तुकड्यातून दोन चकत्या कापल्या. एक सरळ नळीत बसवली, दुसरी वळणाच्या लगेच पुढे. तीन आठवडे पाणी अखंड धावले. सरळ नळीतली चकती जवळपास जशीच्या तशी निघाली, वळणापुढची मोहोळासारखी पोखरलेली. दोष लोखंडाचा नव्हता; पंपाच्या तोंडाशी दिलेल्या वळणाचा होता; तिथे रस खवळून लोखंड खात होता. कारखान्याने वळण पंपापासून मागे सरकवले. पुढचा हंगाम त्याच पंपांनी बिनतक्रार पार पाडला.

इंजिनिअरसाहेब स्वतः भट्टीवर आले. "रसूलभाई, आमचं चुकलं."

"च्या घ्या सायेब. बाटलीतला न्हाय, कपातला हाय."

साहेबांचे नाव छापू नका, अशी ताकीद मला सरांनीच दिली. "माणूस चालत आला न्हवं? मग झालं." उपकरणावर मात्र त्यांनी रसूलभाईंचे नाव आपल्या नावाच्या वर कोरून घेतले. आज दूरदूरचे कारखाने आपापले तुकडे तपासायला इथे पाठवतात; नळी अजून गळते, धरायला पाहुणे मिळतात.

सरांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त मी दीर्घायुष्य चिंतणारा एक श्लोक रचला आणि रसूलभाईंना ऐकवला. ते म्हणाले, "झ्याक हाय. पर सरांस्नी सांगा, माझ्या नातीला सायन्स त्यांनीच शिकवायचं."

नात सध्या बालवाडीत आहे. सरांनी त्या बेताने प्रकृती सांभाळावी, ही आम्हा सर्वांची प्रार्थना.