बाबांसाठी भंगारातला कीबोर्ड

बाबांना झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय आणि वाचा एकाच सकाळी गेली. हातापायाचं एक वेळ सोसलं असतं. पण रोज दुपारी चारच्या सुमारास ते काहीतरी सांगायला बघतात. डाव्या हाताने खाट बडवतात, तोंडातून फक्त ‘त… त…’ येतं. आम्ही चहा धरतो, पाणी धरतो, उशी हलवतो, पंखा बंद करतो, परत चालू करतो. नाही. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि मला माझाच राग येतो. वर्ष झालं, माझ्या बापाला काय म्हणायचंय ते मला कळत नाही.

बाबा रसायनीच्या एका कारखान्यात डिस्पॅचला टायपिंग करायचे. गेटपास, चलनं, सगळं बटणांकडे न बघता. माझ्या डोक्यात किडा वळवळला, तोंड विसरलं असेल, पण बोटं कशी विसरतील? माझा लॅपटॉप पुढे ठेवला. दोनदा चाचपून त्यांनी तो असा ढकलला की मांडीवरून पडता पडता वाचला. बरोबरच होतं म्हणा. त्या सपाट पाटीवर काय दाबलं गेलं नि काय नाही, बोटाला कळतच नाही. बाबांचा कीबोर्ड विटेसारखा जड होता आणि त्याचं एकेक बटण खाडकन वाजायचं. लहानपणी मी दसऱ्याला त्यांच्या ऑफिसात गेले होते, तेव्हापासून तो आवाज कानात आहे.

तसला शोधायला साजगावला कामावर जाता-येता किती भंगारवाले पालथे घातले! शेवटी कुंभिवलीला, हायवेलगत, मोडक्या पंख्यांच्या ढिगाखाली सापडला. पिवळा पडलेला, वायरीला जुनी गोल पिन.

“ताई, हा तर मेलाय,” भंगारवाला म्हणाला. “दुसरा चांगला देतो.”

“मेलेलाच द्या,” मी म्हटलं. त्याने तो उचलून काट्यावर टाकला.

घरी पडवीत वर्तमानपत्र पसरून सगळी बटणं उपटली. आत केस, धूळ आणि तळाला हळदकुंकू. तांदळाचे लाल दाणे, झेंडूची वाळकी पाकळी. कुठल्या तरी ऑफिसात दर दसऱ्याला त्याची पूजा झाली होती. आई वाकून बघत म्हणाली, “त्यांचाच असंल गं.”

“अगं, असे हजार असतील,” मी म्हटलं, पण पाकळी काही टाकवली नाही. स्पिरिट, दात घासायचा जुना ब्रश आणि दोन रविवार गेले. गोल पिन लॅपटॉपला लावायचा जोड खोपोलीत मिळाला, तुटलेली तार कर्जतच्या टीव्हीवाल्याने डाग देऊन जोडली. सगळी बटणं वाजायला लागली तेव्हा मी पडवीत एकटीच नाचले.

आणि बाबांपुढे ठेवायच्या दिवशी बघते तर खालचं लांब बटण अडकलेलं! आईने सकाळी हळदकुंकू वाहून वर अक्षता टाकल्या होत्या.

“देव्हारा आहे का तो? दोन रविवार मेले माझे!” मी भडकलेच.

आई हळूच म्हणाली, “दसऱ्याला पूजा केल्याबिगर ते मशीनला हात लावत नव्हते. आता वर्सानं लावायचा, तर कसा लावतील?”

चिमट्याने एकेक दाणा काढत बसले. कुंकू मात्र राहू दिलं.

चार वाजता बाबांना तक्क्याला टेकवून बसवलं आणि पुढ्यात पाटावर कीबोर्ड ठेवला. त्यांनी डावा हात बटणांवरून फिरवला आणि कपाळाला लावला. मग खट. खटखट. थांबले. खट. आवाज ऐकून आतल्या आईचं भाकरी थापणं बंद पडलं.

लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरं उमटत होती, पण शब्द काही होईना. तीनतीनदा वाचलं. मग ध्यानात आलं, सगळी डाव्या हाताची अक्षरं. टायपिंगात अर्धी बटणं डाव्या हाताची, अर्धी उजव्या हाताची. उजव्या हाताची पाळी आली की बाबा तेवढंच थांबत होते आणि पुढे जात होते. त्यांच्या मते सगळं सांगून होत होतं. एवढी मी शहाणी, पिनेचा जोड बरा आठवला, आणि हे डोक्यात आलं नाही!

“बाबा, मी आहे ना. उजवीकडचं मी दाबते. कुठलं दाबू, सांगा.”

सांगा! कुणाला म्हणत होते मी?

बाबांनी पडद्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने मांडीवरचा उजवा हात उचलला, बटणांवर नेऊन ठेवला, त्याची बोटं एकेक करून सरळ केली आणि ती चालायची वाट बघत बसले. हाताच्या भाराने एक बटण दबलं आणि एकच अक्षर ओळीमागून ओळ धावायला लागलं.

“काय लिवलं गं त्यांनी?” आईने आतून विचारलं.

मला तो हात उचलवेना.