आबा पाण्याला जायचे

आबा गेल्याचा निरोप मला शाळेत मिळाला. मी चौथीची परीक्षा घेत होतो, सुट्टी लागायला चार दिवस उरले होते आणि घरी न्यायचं सामानही मी बांधून ठेवलं होतं. वर्गाच्या दारात आमच्या वाडीवरचा बाबू उभा दिसला. आमच्या घराला लागूनच त्याचं घर. पासली गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी, तिथून भोरला चालत यायचं म्हणजे दीड दिवसाची वाट. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले, आणि तो आत येत नव्हता. मी बाहेर गेलो. "मास्तर, आबा गेलं," एवढंच म्हणून तो भिंतीला टेकून खाली बसला. माझ्यासाठी थांबू नका, उन्हाळ्याचे दिवस आहेत, असं आईनंच सगळ्यांना सांगितलं होतं. म्हणजे मी बाबूसमोर उभा होतो तेव्हा सगळं उरकूनही गेलं होतं...

आता महिना होत आला. वडिलांवर मुलानं लिहावं असं त्यांच्या आयुष्यात फारसं काही घडलं नाही. भाताची चार खाचरं, वर डोंगराला नाचणीचा एक तुकडा, दोन बैल, एक गाय. थोरला भाऊ मुंबईला गिरणीत गेला तो तिकडचाच झाला, मी मास्तर होऊन भोरला आलो, आणि सत्तरीच्या घरातले आईआबा दोघंच वाडीवर उरले. मी दर उन्हाळ्यात सुट्टी लागली की जात असे. पावसाळ्यातली शेती सगळ्यांना दिसते; पण आमच्याकडची खरी शेती उन्हाळ्यात होते, आणि ती म्हाताऱ्या माणसांनी करण्यासारखी असते, असं आबा म्हणत. भाताचं रोप जिथं टाकायचं ती जागा आधी भाजून घ्यावी लागते. शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या, वर मातीचा थर असा राब रचायचा आणि सकाळी वारा पडलेला असताना पेटवायचा. आबा चैत्रापासून रोज थोडा पाला गोळा करीत. उन्हं चढली की पडवीत बसून पावसाळ्यासाठी इरली विणायची, छपराचं गवत बदलायचं, बांधाचे ढासळलेले दगड परत बसवायचे. घाई कशाचीच नसायची. मी मदतीला गेलो की म्हणायचे, तू मास्तर माणूस, सावलीत बस. मला ते लागायचं. पण मी रचलेला दगड ते मागाहून उचलून पुन्हा नीट बसवीत, हेही मी पाहिलेलं आहे.

तीन वर्षांपूर्वी, लढाईच्या दिवसांत, आई पाण्याला जाताना पडली. आमचा पाणवठा वाडीच्या खाली ओढ्यात आहे. उन्हाळ्यात ओढा आटतो आणि खडकाच्या कपारीत एक झरा तेवढा राहतो. करवंटीनं पाणी काढीत बसायचं, एक हंडा भरायला बराच वेळ जातो. तिथं उतरायची वाट म्हणजे नुसती मुरमाची घसरण. आईचा पाय सटकला आणि खुबा दुखावला. हाडवैद्यानं बांधलं, चोळलं. पाय जागेवर आला, पण गुडघा आणि खुबा कायमचे आखडले. घरात काठीनं फिरायची, जात्यावर बसायची, भाकरी करायची. उतार मात्र तिला बंद झाला. मी दोघांना भोरला चला म्हणालो. आबांनी ऐकून घेतलं आणि बैलांना वैरण टाकायला उठून गेले.

पहिले काही दिवस बाबूची बायको ठकू आपल्या खेपांबरोबर आमचाही एक हंडा आणीत असे. ठकू म्हणजे चार पोरांची आई, तोंडानं फटकळ, कामाला वाघ. पण तिच्या घरी खाणारी तोंडं दहा, आणि तिची सासू हंड्याकडे बघून कुरकुर करते हे आबांच्या ध्यानात आलं. एके दिवशी त्यांनी ठकूला पुरे म्हणून सांगितलं आणि स्वतः हंडा उचलला. आधी कावड करून पाहिली. पण त्या अरुंद उतारावर ती झाडीला अडके आणि निम्मं पाणी सांडे. मग त्यांनी पटक्याची चुंबळ केली आणि बाया घेतात तसा हंडा डोईवर घेतला. वाडीतले पुरुष हसले. हसण्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. अडचण दुसरीच झाली. पाणवठ्यावर सगळ्या वाडीच्या सुना. आबा वाडीत सगळ्यांत वडील, म्हणजे प्रत्येकीला सासऱ्याच्या जागी. ते उतरताना दिसले की सगळ्या पदर पुढं ओढून, पाठ फिरवून बाजूला उभ्या राहत. आबा करवंटी करवंटीनं हंडा भरीत बसणार, आणि तोवर त्या बायांची लहान पोरं घरी रडत असणार. आबांना हे आठ दिवसांत कळलं, आणि नवव्या दिवसापासून ते सकाळी पाण्याला जायचे बंद झाले.

त्या साली मी सुट्टीला गेलो तो भर दुपारी वाडीत पोचलो. वैशाखाचं ऊन, पाखरूसुद्धा हलत नव्हतं, आणि ओढ्याच्या वाटेनं कोणीतरी डोईवर हंडा घेऊन वर येत होतं. चार पावलं टाकायची आणि थांबायचं. जवळ आल्यावर आबा दिसले. मी धावत जाऊन हंडा घेतला. त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, ओठ वाळले होते. सकाळ बायांची, दुपारी पाणवठ्यावर कोणी नसतं म्हणून आपण या वेळेला जातो, हे त्यांनी मला बांधावर बसून सांगितलं. आईला वाटत होतं ते बैलांना चरायला सोडून येताना सकाळीच पाणी आणतात आणि दुपारी आंब्याखाली पडतात. दुपारचा हंडा ते तिचा डोळा लागलेला असताना आत ठेवीत. तिला सांगू नको म्हणाले. मी सांगितलं नाही. मी घरी असेपर्यंत पाणी मी आणीन, असं ठरवून टाकलं आणि मोठं काहीतरी केल्यासारखं मला वाटलं. पण आणखी चार दिवसांनी मी बाजाराला वेल्ह्याला गेलो आणि नेमके त्या दिवशी आबा हंडा घेऊन निघाले...

ठकू दुपारची शेण वेचायला गेली होती. तिला ते जांभळीखाली आडवे सापडले. हंडा सरळ होता, पाणी सांडलेलं नव्हतं. चक्कर येतेय म्हटल्यावर त्यांनी आधी हंडा टेकला आणि मग ते पडले. ठकूनं पदर भिजवून त्यांच्या तोंडावरून फिरवला, शुद्धीवर आणलं, घरी पोचवलं, आणि आईला सगळं सांगून टाकलं. मी सांजेला परतलो. आबा पडवीत घोंगडीवर पडून होते. आई चुलीपुढं पाठमोरी. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "माज्या पान्यापायी तुमी मेला असता, तर ते पानी म्या प्याले असते व्हय?"  आबांनी कूस बदलून झोपल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना ठकू आली, आणि तिच्या मागं आणखी चार-पाच जणी. आबा दचकून उठून बसले आणि नजर खाली घातली. बायाही पदर ओढून अंगणातच घुटमळल्या. मी उठून जायला लागलो तर ठकू मला म्हणाली, थांबा मास्तर, तुमीबी ऐका. मग ती पुढं झाली आणि तिनं डोईवरचा पदर कपाळाच्या मागं सारला. आबांसमोर तिचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा उघडं पाहिलं.

"आबा, सासरा पान्यावर आला म्हंजी आमी पाठ फिरवतो. बाप आला तर कोन फिरवतं? माजा बाप जाऊन लई वरसं झाली. ह्या समद्यांला इचारून आले म्या. तुमी उद्यापासून सकाळचं येत जावा."

आबांनी मान वर केली नाही. त्यांचा हात घोंगडीची एक दशी ओढत होता. आम्ही दोघं भाऊच, घरात मुलगी नाही. मुलीनं बापाला असं हक्कानं बोलावणं त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. दशी सोडून म्हणाले, "येतो. पर म्या समद्यांच्या शेवटी भरनार."

आतून आई म्हणाली, बस गं ठकू, गूळ खाऊन जा. आदल्या सांजेच्या त्या बोलण्यानंतर हा तिचा पहिलाच शब्द.

त्यानंतर आबांची सकाळ पाणवठ्यावर जाऊ लागली आणि आबा बदलले. सबंध आयुष्य बैलांशी जास्त आणि माणसांशी कमी बोललेला हा माणूस वाडीतल्या साऱ्या बातम्या घरी आणू लागला. कुणाची गाय व्यायली, कुणाच्या माहेरी लग्न ठरलं, कुणाला दिवस गेले. ही शेवटची बातमी काही वेळा नवऱ्याच्या आधी आबांना ठाऊक असायची, आणि आई तोंडाला पदर लावून हसायची. बाजाराला निघाले की पाच जणींचे पाच निरोप घेऊन निघत. एकदा तर ठकूच्या भावाला तिचा निरोप द्यायला वाट वाकडी करून कोसभर लांब जाऊन आले. पडल्यापासून आई घराबाहेर फार जात नव्हती, पण वाडीत काय चाललंय ते तिला अंगणात बसून पूर्वीपेक्षा जास्त कळू लागलं. भाकरी थापता थापता ती विचारायची, ते तव्यापाशी बसून सांगायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पडवीत लोळत मी ते ऐकलेलं आहे, आणि त्या दोघांना मी इतकं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

यंदा वैशाखात शेवटचा राब भाजून झाला त्या सकाळी आबा घरी आले, हातपाय धुतले, जरा पडतो म्हणाले. आईनं भाकरी झाल्यावर हाक मारली... ते उठले नाहीत. मी पोचलो तेव्हा अंगण बायांनी भरलेलं होतं. सुना सासऱ्यासाठी रडतात तेव्हा त्या रडण्यालाही एक रीत असते. हे तसलं रडणं नव्हतं. ठकू माझ्या आईच्या मांडीवर डोकं घालून पडली होती.

दहावा झाला, तेरावा झाला. आईला आता भोरला न्यायचं हे मी मनाशी पक्कं केलं होतं. तिचं गाठोडंही बांधलं. निघायच्या दोन दिवस आधी मी सकाळी पाण्याला गेलो. या खेपेला इतके दिवस बायांनीच पाणी पुरवलं होतं, त्यामुळं पाणवठ्यावर मी आलोच नव्हतो. बघतो तो घसरणीच्या जागी दगडी पायऱ्या. वरपासून खालच्या खडकापर्यंत, बुटक्या बुटक्या, नीट बसवलेल्या. तळाला दोनच तेवढ्या राहिलेल्या. ठकूनं सांगितलं, दिवाळीपासून आबा रोज सगळ्यांचं पाणी भरून झालं की एखादा दगड बसवायचे. घरी बोलायचं नाही अशी त्यांनी सगळ्यांना ताकीद दिली होती. आईचा पाय किती उचलतो ते त्यांनी घरात बघून ठेवलं होतं. ती घराचा उंबरा ओलांडू शकते, म्हणून प्रत्येक पायरी उंबऱ्याएवढी. यंदाच्या उन्हाळ्यात तिला पाण्यावर आणायचं होतं त्यांना.

राहिलेल्या दोन पायऱ्या बाबूनं आणि मी बसवल्या. मी बसवलेला एक दगड बाबूनं काढून पुन्हा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूनं आईला हाताला धरून पायऱ्यांच्या माथ्यावर आणलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती तिथं उभी होती. वरून एकदा तिनं खालपर्यंत पाहिलं. मग काठी माझ्या हातात दिली, ठकूचा खांदा धरला आणि एकेक पाय टाकीत उतरली. मधे थांबली नाही. खाली बाया करवंट्या बाजूला ठेवून उभ्या राहिल्या होत्या. आई झऱ्यापाशी खडकावर बसली, ओंजळीनं पाणी प्याली, तोंड धुतलं. मग मागं वळून पायऱ्यांकडे बराच वेळ बघत राहिली.

"उंची बराबर हाय," ती म्हणाली.

 ठकूनं आपला हंडा झऱ्यापासून बाजूला घेऊन आईपुढं करवंटी आणि एक लहान कळशी ठेवली. आईनं ती कळशी भरली, कोणी मधे हात घातला नाही. वर चढताना तिनं कळशी मला घेऊ दिली नाही, ठकूलाही नाही. मी तिची काठी तेवढी घेऊन मागून चढत होतो. माथ्यावर येऊन ती दम खायला थांबली, आणि घराकडे न बघता, ओढ्याकडेच बघत मला म्हणाली, "तुजी शाळा उघडंल. जा तू भोरला. ते गाठोडं सोडून ठेव... माजं हितं भागंल."