केशवचे जोडे

पाद्रीसाहेबांचे पत्र अकोल्याहून आले तेव्हा आमच्या अमरावतीच्या वाचनालयात आबाजी वकील आणि बळीरामजी पाटील दोघेही हजर होते. एरवी ते एका वेळी येत नाहीत. एकाचा जोडा दारात दिसला की दुसरा परत फिरतो. त्या दिवशी इंग्लंडची डाक उशिरा आली होती आणि दोघांनाही कापसाचा भाव बघायचा होता, म्हणून दोन टोकांना दोघे बसले होते. मी या वाचनालयाचा चिटणीस, पत्र माझ्या नावे होते. केशव मास्तर गेल्या रविवारी प्रार्थना चालू असताना वारले, एवढाच मजकूर, मिशनच्या नीटनेटक्या मराठीत. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. आबाजी म्हणाले, "वाईट झालं. मात्र आपल्याला सुतक नाही हो." बळीरामजींनी विचारले, "मानूस खरा होता बाप्पा... त्या अर्जाची नक्कल कोनापाशी हाये?"

या दोन वाक्यांनी मला इतका संताप आला की पत्राची घडी घालून मी ते खिशात ठेवले आणि कपाटातली पुस्तके झाडायला घेतली. संताप आला की मी पुस्तके झाडतो. बोलत नाही. केशवचे माझ्याबद्दल एवढेच गाऱ्हाणे होते.

केशव आणि मी एका शाळेत शिकलो, पुढे एकाच शाळेत मास्तर झालो. हे वाचनालय त्याने काढले. तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून आमच्याकडे कापसाच्या गाड्यांची रांग बाजारातून थेट नाल्यापर्यंत जायची आणि बैलांच्या शिंगांवर पितळेच्या शेंब्या चढल्या होत्या. या सुबत्तेतून एक खोली आणि चार वर्तमानपत्रे सहज निघतील असे म्हणून तो दारोदार फिरला. खोली मिळाली, पत्रे आली. लोकही आले, पण दारातूनच विचारायचे, "मास्तर, लढाई सुरू हाये ना अजून?" सुरू आहे म्हटले की समाधानाने परत जायचे. केशव चिडायचा. "अरे, तिकडे माणसं मरून राहिली, अन् तुमी खुशीत काऊन?" असे त्यांच्याच बोलीत विचारायचा. वाचनालयाचे नियमही त्यानेच लिहिले. मते सारखी पडली तर चिटणीसाने आपले मत द्यावे, हा नियम त्यातलाच. मी म्हटले होते, हे काढ, मला असले जमायचे नाही. तो म्हणाला, "म्हणूनच घातलंय."

त्याच्या ख्रिस्ती होण्याबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. आमचे दोन पावसाळे त्या वादात गेले आणि मला ते पटले नाही, आजही पटत नाही. त्याच्या वडिलांनी तो जिवंत असताना त्याचे श्राद्ध घातले. बायको आधीच वारली होती, तिला हे बघावे लागले नाही. पाद्रीसाहेब तेव्हा अमरावतीलाच होते, त्यांनी त्याच्यासाठी पौलुस हे नाव काढून ठेवले होते. याने सांगितले, देव मला इतकी वर्षे केशव म्हणून ओळखतो, आता त्याचा गोंधळ कशाला करायचा. पुढे जोड्यांवरून बिनसले. साहेब लोक त्यांच्या देवळात टोपी काढतात आणि बूट पायात ठेवतात. केशव जोडे पायरीवर काढायचा आणि पागोटे डोक्यावर ठेवायचा. पाद्रीसाहेबांनी समजावले तर म्हणाला, "बोडक्या डोक्यानं देवापुढे कसा जाऊ? सुतकात आहे का मी?" इतर ख्रिस्ती मंडळी बूट घालून आत, आणि बाहेर पायरीवर याचा एकच वऱ्हाडी जोडा, टाचा भिंतीकडे करून ठेवलेला. मी वैतागून म्हणायचो, "अरे, इतकं सगळं सोडलंस, आता जोड्यासाठी का भांडतोस?" त्यावर तो नुसता हसायचा. मला त्या हसण्याचा आणखी राग यायचा.

पुढे अर्जाचे प्रकरण निघाले. कचेरीतल्या जागांवर बाहेरून माणसे आणतात, वऱ्हाडातल्या शिकलेल्या मुलांना कोणी विचारत नाही, तेव्हा सरकारकडे अर्ज करावा असे ठरले. ठरवले आबाजींनी. देश या शब्दाचा उच्चार आमच्या गावात पहिल्यांदा त्यांनीच केला असे ते सांगतात. पण इंग्रजी लिहिणार कोण? केशवने तीन वेळा खर्डा करून दिला. तिसरा तयार झाल्यावर आबाजी त्याला म्हणाले, "मास्तर, सही मात्र तुमची नको. धर्म सोडला त्याला देश कुठला?" केशव म्हणाला, "आबाजी, माझं घर अजून अंबादेवीच्या वाटेवरच आहे." आणि खर्डा त्यांच्या हातात ठेवला. मी म्हटले, फाडून टाकायचा होतास. तो म्हणाला, "का? मजकूर खरा आहे." तिकडे पाद्रीसाहेबांनाही ते कळले. त्यांनी बोलावून विचारले, ज्या सरकारच्या आश्रयाने तू सुखाने प्रार्थना करतोस त्याच्याविरुद्ध लिहितोस? खुद्द येशूनेही कर भरला होता. केशव म्हणाला, "मीही भरतो, साहेब. भरतो म्हणूनच अर्ज करतो."

यानंतर आबाजींनी वाचनालयाच्या सभेत ठराव आणला की धर्म सोडलेल्या माणसाला सभासद ठेवू नये. बळीरामजींचा तट केशवच्या बाजूने उभा राहिला. मला वाटले, चला, कोणी तरी आहे. सभेआधी मी त्यांचे आभार मानायला गेलो. ते ओट्यावर बसून पान खात होते. म्हणाले, "मले त्याच्या धर्माचं काय घेनं-देनं नाही, चिटणीस. आबाजी हो म्हनते, म्हून मी नाही म्हनतो. उद्या तो नाही म्हनन, त मी हो म्हनीन." सभेत मते मोजली. अगदी सारखी पडली. सगळे माझ्याकडे बघू लागले. केशव दाराजवळ बसला होता, तोही बघत होता. मला काय म्हणायचे होते ते मला पक्के माहीत होते. पण आबाजींच्या भावाकडे माझी मुलगी द्यायची बोलणी चालली होती, आणि माझ्या तोंडून निघाले, "मला विचार करायला वेळ द्या." सभा पुढच्या रविवारावर ढकलली गेली. त्या रविवारी केशवची चिठ्ठी आली. चिटणीसांना त्रास नको म्हणून मी आपणहून नाव काढून घेतो, असे तिच्यात लिहिले होते. त्याच आठवड्यात तो अकोल्याच्या मिशनच्या शाळेत गेला, पाद्रीसाहेबांची बदली तिथेच झाली होती. मुलीची बोलणी पुढे फिसकटलीच.

अर्ज केशवच्या नावावाचून गेला. साहेबांनी इंग्रजीची फार तारीफ केली म्हणे. आता दोन्ही तट सांगतात की तो आमच्या माणसाने लिहिला. जागा कोणालाच मिळाल्या नाहीत.

अकोल्याहून त्याची पत्रे येत. कापसाचा भाव कोसळला, अकोल्याला वखारी ओस पडल्या, शाळेतली निम्मी मुले शेतावर परत गेली... असे सगळे लिहून शेवटी एक ओळ असायची, "काय चिटणीस, विचार झाला का?" मी उत्तरात वर्तमानपत्रांतल्या बातम्या लिहायचो. भेटायला ये म्हणून त्याने किती वेळा लिहिले. येतो म्हणालो. दिवाळीनंतर येतो, हुरड्याला येतो, मुलीचे लग्न उरकले की येतो.

शेवटी गेलो, तो मेल्यावर तीन आठवड्यांनी. रेंगीला बैल जुंपून तीन मुक्काम केले. पाद्रीसाहेब वयाने थकले आहेत. त्यांनी मला कबर दाखवली आणि थोडे घुटमळत म्हणाले, "पागोटे मी डोक्यावरच राहू दिले." त्यांच्यावर रागवायचे असे ठरवून मी गेलो होतो. तेही जमले नाही. निघताना देवळाच्या पायरीवर नजर गेली. टाचा भिंतीकडे करून ठेवलेला जोडा. धुळीने पांढरा झालेला, चामडे वाळून कडक झालेले. मी राखणदाराला विचारले, हे इथे कसे? तो म्हणाला, "मास्तर आत पडले ना, तवा बाजूच्या दारानं खाटेवर नेलं. जोडे इथंच राह्यले. सायेब म्हनते गाववाले नेतील, गाववाले म्हनते मिशनचे हायेत. मेल्या मानसाचं पायतान कोन उचलीन?" तीन आठवडे लोक त्या जोड्यांना वळसा घालून प्रार्थनेला जात होते. मी ते उचलले. एका जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले आणि अमरावतीपर्यंत मांडीवर घेऊन बसलो. गाडीवानाने एकदा मागे वळून बघितले.

ते आता वाचनालयाच्या दारात आहेत. सभासद जिथे जोडे काढतात त्या रांगेत, टाचा भिंतीकडे. पहिल्या दिवशी क्षणभर सगळ्यांना वाटले केशवच येऊन बसलाय. आमच्या शाळेतले एक म्हातारे शिक्षक तर आत डोकावून बघून गेले. रोज सकाळी कोणी तरी पायाने ते बाजूला सारते आणि रोज मी ते रांगेत ठेवतो. आबाजींना हा विटाळ वाटतो, म्हणून हे जोडे दारातून काढायला त्यांनी सभा बोलावली आहे. आबाजींना वाटतो, म्हणून बळीरामजींना वाटत नाही. म्हणजे मते पुन्हा सारखी पडणार. केशव, तुझा तो नियम अजून मी काढलेला नाही. सभा रविवारी आहे, आणि या खेपेला मी वेळ मागणार नाही.