शिट्टीबाईंची खोली

शिट्टीबाईंचा गुडघा कामातून गेला, तेव्हा त्यांनी आधी गुडघ्याला नावं ठेवली, मग डॉक्टरांना, आणि शेवटी मुख्याध्यापकांना. सगळी नोकरी त्यांनी मोठ्या शाळेच्या मैदानावर काढली होती. गळ्यात शिट्टी, पायात बूट, आणि आवाज असा की शिट्टीची खरं तर गरजच नव्हती. आता पळणं बंद, उड्या बंद, उन्हात उभं राहणंही बंद. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून विद्यार्थी सहाय्य कक्ष त्यांच्या हवाली केला.

"म्हणजे अडगळीत टाकताय मला," बाई म्हणाल्या.

"अडगळ कसली, बाई? लहान शाळेत पोरांना एक वर्ग, एक बाई. इथे आल्यावर दर तासाला नवा चेहरा. बावरतात बिचारी. त्यांच्याकडे बघायला कुणीतरी हवं."

"बावरलेल्या पोराला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावायचं, एवढंच येतं मला."

"तेवढं सोडून काहीही करा," मुख्याध्यापक हात जोडून म्हणाले.

खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. आधी तिथे फाटके नकाशे आणि मोडक्या खुर्च्या ठेवत. एकुलत्या एका खिडकीतून लहान शाळेचं अंगण दिसे. दोन्ही शाळांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती आणि भिंतीत एक छोटं फाटक. घरी जाऊन बाईंनी नवऱ्यासमोर सगळी भडास काढली. तो शिवणकाम करायचा. मशीनवरून मान वर न करता तो म्हणाला, "बसून काम आहे तर बस की. आयुष्यभर पळून कुठे पोचलीस?" त्या दिवशी बाईंनी त्याच्याशी अबोला धरला, पण अबोला काही त्यांना झेपणारा नव्हता. जेवताना सुटला.

शाळा उघडली आणि पहिल्याच सकाळी खिडक्यांच्या काचा बसवणारा एक माणूस मुलीला घेऊन खोलीच्या दारात उभा राहिला. मुलगी त्याच्यामागे अर्धी लपलेली.

"हिला घरात मनी म्हणतो आम्ही," तो म्हणाला. "घरात तोंडाचा पट्टा थांबत नाही हिचा. पण घराबाहेर पाऊल टाकलं की तोंडातून ब्र काढत नाही. लहान शाळेत फक्त वर्गाच्या बाईंशी बोलायची. तेही कानात."

"काही काळजी करू नका," शिट्टीबाई म्हणाल्या. "पहिली भीती मोडली की झालं."

आणि ती मोडायला त्या लगेच निघाल्या. मनीच्या खांद्यावर हात टाकून तिला वर्गात नेलं, फळ्यासमोर उभं केलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ही आपली नवी मैत्रीण. सांग बरं बाळा सगळ्यांना, तुला काय आवडतं?"

मनी जमिनीकडे बघत राहिली. तिचे कान लालबुंद झाले. बाई थांबल्या. आणखी थांबल्या. मैदानावर हाच हट्ट त्यांना कामी यायचा. इथे मात्र मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली, आणि मनीने ओठ असे घट्ट मिटले की जणू ते आता कधी उघडणारच नव्हते.

मधल्या सुट्टीत मनी गायब झाली. बाईंनी जिने पाहिले, मुलींची स्वच्छतागृहं पाहिली, मैदानाची मागची बाजू पाहिली. लंगडत लंगडत सगळी शाळा पालथी घातली. शेवटी त्या फाटकातून पलीकडे गेल्या. लहान शाळेतल्या आपल्या जुन्या वर्गात, छोट्याशा बाकावर गुडघे पोटाशी घेऊन मनी डबा खात बसली होती आणि वर्गाच्या बाईंच्या कानात काहीतरी सांगत होती. शिट्टीबाईंना पाहताच ती गप्प झाली.

लहान शाळेच्या बाई वयाने तरुण, बोलायला मऊ. पण त्या दिवशी त्यांच्या मऊ आवाजालाही धार आली होती. "मी आणून सोडणारच होते तिला. पण तुम्ही तिला सगळ्या वर्गासमोर बोलायला लावलंत?"

उत्तर द्यायला बाईंच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. त्यातली एकही खरी नव्हती. त्या मनीला घेऊन परतल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मुख्याध्यापक वैतागले. "फाटकाला कुलूप लावून टाकू."

"नको," बाई म्हणाल्या. "कुलूप लावलंत तर भिंतीवरून जाईल. आणि भिंत चढायला या शाळेत मीच शिकवलंय पोरांना." मग जरा थांबून म्हणाल्या, "अर्धी सुट्टी तिला तिकडे जाऊ द्या. उरलेली अर्धी माझ्या खोलीत. चोरून जाण्यापेक्षा सांगून गेलेलं बरं."

लहान शाळेच्या बाई नाखुशीनेच तयार झाल्या. "पण तिला बोलायला लावायचं नाही."

"कानाला खडा," शिट्टीबाई म्हणाल्या.

आता खोलीत दोघीच. मनी खिडकीतून फाटकाकडे बघत बसे, आणि शांतता ही तर बाईंची जन्माची वैरीण. दोन दिवसांत त्यांनी आपल्या सगळ्या गोष्टी सांगून संपवल्या. मग सामानाच्या खोलीतून त्या टेबल टेनिसच्या दोन बॅटी आणि चेंडू घेऊन आल्या. दोन टेबलं जोडली आणि मध्ये जाळीच्या जागी जाडजूड नकाशांच्या वह्या उभ्या केल्या. या खेळात फारसं पळावं लागत नव्हतं, गुडघ्याचीही तक्रार नव्हती. पहिले काही दिवस मनी नुसती चेंडू वेचत होती. मग तिचा हात बसला. बाईंनी तिला एकदाही मुद्दाम जिंकू दिलं नाही. पोरांना खोटं जिंकवणं त्यांना कधीच पटलं नव्हतं.

एक दिवस खेळ अगदी रंगात आला होता. बाईंनी जोरात फटका मारला. चेंडू टेबलाच्या कडेजवळून सुसाट गेला आणि मागच्या खुर्चीवर आपटला.

"माझा पॉइंट!" बाई ओरडल्या.

"बाहेर होता."

"बाहेर कसला? कडेला लागला. आवाज नाही आला?"

"आवाज खुर्चीचा होता."

"मला शिकवतेस? केस पांढरे झाले माझे खेळात!"

"तरी बाहेर होता," मनी म्हणाली. "बाहेर म्हणजे बाहेर."

बाईंनी आणखी भांडायला तोंड उघडलं आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या कुणाशी भांडत होत्या! त्यांना तिला उचलून घ्यावंसं वाटलं, व्हरांड्यात जाऊन सगळ्यांना हाका माराव्याशा वाटल्या. पण त्यांनी कशीबशी जीभ आवरली आणि चेंडू उचलायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकल्या. वर आल्या तेव्हा चेहरा बऱ्यापैकी ताब्यात होता.

"बरं. पॉइंट तुझा. कर सर्व्हिस."

संध्याकाळी घरात पाऊल टाकता टाकताच त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "अहो, भांडली ती माझ्याशी!"

"तुझ्याशी न भांडलेलं माणूस अजून मला भेटायचंय," तो म्हणाला. पण मशीन थांबवून त्याने सगळी हकीकत दोनदा ऐकली.

थंडी सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. मधली सुट्टी झाली आणि दोघी खेळायला लागल्या. निम्मा खेळ झाल्यावर बाईंच्या लक्षात आलं की, मनी आज पलीकडे गेलीच नव्हती. तेवढ्यात लहान शाळेच्या बाई धापा टाकत दारात आल्या.

"मनी आली नाही आज. मला वाटलं, कुठे गेली..."

मनीने वळूनही पाहिलं नाही. "थांबा ना बाई, एवढा शेवटचा गेम आहे," ती म्हणाली. कानात नाही. चांगलं मोठ्याने.

लहान शाळेच्या बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. फुशारकी मारायला याहून चांगली वेळ आली नसती, पण शिट्टीबाईंनी बॅट काखेत धरून त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. घंटा झाली, मनी वर्गात पळाली, तरी त्या बसूनच होत्या.

"वाईट वाटलं?" शिट्टीबाईंनी विचारलं.

"हो. आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदमच."

"माझं मैदान सुटलं तेव्हा मला नुसतं वाईटच वाटलं होतं. तुमचं बरं आहे."

दोघींना हसू फुटलं. त्या दिवशी बोलता बोलता त्यांचं ठरलं की, पुढच्या वर्षी इकडे येणारी लहान शाळेतली मुलं उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधीच इथे येऊन जायची. बाईंचं बोट धरून यायचं, जिने चढायचे, नळ कुठे ते बघायचं, घंटा ऐकायची. कुणाला कशाची भीती वाटते ते लहान शाळेच्या बाई सांगणार, आणि त्याचं काय करायचं ते दोघी मिळून बघणार. मुख्याध्यापकांनी नाही म्हणायच्या आतच पहिली रांग फाटकातून आतही आली.

मनीचं सगळं सुरळीत झालं असं नाही. गणिताच्या तासाला ती पुढे कितीतरी दिवस नुसता हात वर करून हजेरी द्यायची. एकदा हिंमत करून "हजर" म्हणाली, तर सरांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी तिला गैरहजर ठरवलं. त्यावरून शिट्टीबाईंनी सरांना असं फैलावर घेतलं की, त्यानंतर सर तिच्या नावाशी येऊन चष्मा काढून वाट बघू लागले.

पुढच्या वर्षी एका दुपारी भाषेच्या बाई तणतणत सहाय्य कक्षात आल्या. त्यांच्यासोबत दोन मुली होत्या. एक रडवेली, दुसरी रागाने फुललेली. दुसरी मनी होती.

"बाकावर कोण बसणार यावरून भांडल्या. आणि ही तर एवढी ओरडत होती की, शेजारच्या वर्गाला शिकवता येईना!"

"ही? ओरडत होती?" शिट्टीबाईंनी विचारलं.

"हीच! चांगलं खडसवा हिला."

शिट्टीबाईंनी मैदानावरचा जुना करडा चेहरा आणला. आणताना फार कष्ट पडले.

"काय गं? ही काय पद्धत झाली?"

"पण बाई, तिनेच आधी माझं दप्तर..."

"गप्प!" बाई कडाडल्या, आणि लगेच जीभ चावली. "नाही, गप्प नको. बसा दोघी. एकेकीने सांगायचं. आणि हळू."

दोघी एकदमच सुरू झाल्या.